लोकरीची मिशी

९ जानेवारी, गुरुवार

आजपर्यंत स्वतःच्या हातानं केलेलं, आठवेल तसं — सायकलच्या दोन चाकांवरची तिफण. मोबाइलवरून विहिरीची मोटार चालू करायचा डबा (कंपनीचा बाजारात यायच्या आधी! कुणी मानत नाही, न मानो). भंगारातल्या फ्रिजचं अंडी उबवायचं यंत्र. देवळातली घंटा वाजवणारी मोटार. पुजारी आता घरात बसूनच आरती करतो. शेवयांची मशीन — बायको कमल म्हणते, हाताच्याच बऱ्या होत्या. स्वतःचा एक दात, वरचा, डावीकडचा. तो टिकला नाही. भाकरीबरोबर पोटात गेला.

शिकवलं कुणीच नाही. दहावी नापास, दोनदा. गणितात नाही — मराठीत! आणि दुकान टाकल्यापासून एकही ऑर्डर परत पाठवलेली नाही. "मिस्त्री, होईल का?" या प्रश्नाला माझं एकच उत्तर — सामान आण.

आज केली मिशी. उमाजी धनगराच्या काळ्या मेंढीची लोकर, बारीक सुती जाळीवर झुपक्याझुपक्यानं गुंफली. मधे मधे पांढरे केस सोडले, ते सारखे नाहीत — सारखे पांढरे केस फक्त नाटकात असतात. कमल बघून म्हणाली, "अवो, तोंडावर कोकरू बसल्यासारखं दिसायलंय." म्हणजे लोकर ओळखू येते. उद्या तेल लावून बघायचं.

मिशीचं कारण दिनकरराव. मोहळवाडीचा मोठा जमीनदार, तंटामुक्तीचा अध्यक्ष, आमचा लांबचा सोयरा. परवा दुकानात कुणाच्या तरी मोबाइलवर त्याचं भाषण वाजत होतं — "आमच्या गावात भेदभाव औषधालासुद्धा सापडणार नाही!" उमाजी बाकड्यावर बसलेला, मेंढरं कातरायच्या कात्रीला धार लावून घ्यायला आला होता. तो हसला. खोकला लागेपर्यंत हसला.

"काय झालं रे?"

"काय न्हाई, मिस्त्री. दरसाल संक्रांत झाली की आमी त्यांच्याच पऱ्हाटीत मेंढरं घालतो. पैल्या दिशी बोचकं सोडून दाखवा लागतंय. बायकोचं बी. गावात कुनाच्या मोटारीची वायर चोरीला गेली की पैले आमच्याकडं येतेत."

"मग बोलायचं!"

"बोललो की. बोलून बोलून जीब झिजली. आईकायला कोन?"

पुराव्याशिवाय बोलणं हे माझ्या डोक्यात बसत नाही. उमाजीकडे पुरावा नाही, माझ्याकडे डोकं आहे. मीच धनगर होऊन मोहळवाडीला जाणार. कॅमेरा चुन्याच्या डबीत. झाकणाला दीड मिलिमीटरचं भोक. आत्ता डबी समोर ठेवून स्वतःचंच चित्र घेतलं. नाक जरा मोठं आलं. ते कॅमेऱ्याचं असणार.

११ जानेवारी, शनिवार

उमाजीचा मुक्काम सध्या गावाबाहेर चिंचेखाली. तिथं जाऊन शिकवणी घेतली.

घोंगडीची खोळ — एक टोक आत दुमडून डोक्यावर अशी घ्यायची की दोन्ही हात मोकळे राहतात. जमली. काठी खांद्यावर आडवी, मनगटं वरून टाकलेली. जमली. धोतर — आजोबांचं, जमलं. मेंढरं — नाही. उमाजी जिभेनं टर्रर करतो, सगळा कळप वळतो. मी केलं, तर त्याचा कुत्रा उठून लांब जाऊन बसला.

उमाजीची बायको कासाबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिस्त्री, सोंगाला मेंढरं पायजेत तर बाजारातून घ्या. आमची नका नेऊ."

"का हो?"

"कानाला काप हाय आमचा."

खरं आहे. त्यांच्या प्रत्येक मेंढराच्या डाव्या कानाला दुहेरी काप असतो, उमाजीच्या बापाच्या वेळेपासूनची खूण. ज्याची त्याची खूण वेगळी. पण बाजारातली मेंढरं अनोळखी माणसामागं चालत नाहीत, भेदरतात, आणि ते लगेच दिसतं. तिला समजावून सांगितलं — सोंग बारकाव्यात असतं, बाई.

"बारकाव्यात आमचा कान हाय, येवढं ध्यानात ठिवा."

उमाजी मधे पडला. "नेऊ दी की. मिस्त्रीनं आपल्या कात्रीचे पैसे कवा घेतलेत?"

 तिनं भाकरी अशी थापली की परात वाजली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मिशी लावून तिळगूळ खाऊन बघितला. तिळगूळ चिकटला, मिशी हलली नाही. पास.

१६ जानेवारी, गुरुवार

झालं! हात अजून दुखतात, पण सगळं ताजं असतानाच लिहितो.

अकरा मेंढरं, त्यात एक कोकरू, आणि उमाजीचा कुत्रा. खरं सांगायचं तर मेंढरं कुत्र्यानं नेली, मी त्याच्या मागून गेलो. मोहळवाडीच्या शिवारात दिनकररावाचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर. लिंबाखाली खुर्ची, खुर्चीत तो, पुढ्यात वीस एकर कापूस वेचून झालेली पऱ्हाटी. हा माणूस मला दोन लग्नांत भेटलेला. त्याच्या मोटारीचा स्टार्टर मी दुरुस्त केलेला. माझ्या खांद्यावर हात टाकून जेवायला बसलेला. आज बघितलं — आणि ओळखलं नाही! मिशी!!

बांधाबाहेरूनच रामराम केला. "मालक, पऱ्हाटीत मेंढरं घालू का? रातच्याला वावरात बसवतो, खत व्हईल."

"कुठला रं तू?"

"सोनपेठकडला."

"बांधाच्या अल्याड येऊ नको. आधी बोचकं सोड."

सोडलं. दोन भाकरी, मिरची, तोंड पुसायची दस्ती, विडीचा बंडल (मी ओढत नाही, पण उमाजी ओढतो). चुन्याची डबी बांधावरच्या दगडावर ठेवली, भोक आमच्याकडे करून. गडी वाकून बघायला लागला. दिनकरराव खुर्चीतूनच — "धोतराचा काचा बघ. वायर कमरेला गुंडाळतेत हे लोक. ह्या जातीचा भरवसा न्हाई." गड्यानं कमरेला हात घातला. माझ्या कमरेला आजपर्यंत शिंपी आणि डॉक्टर सोडून कुणी हात लावलेला नव्हता. तोंडाशी आलं होतं, "दिनकरराव, हात काढायला सांगा." गिळलं. दातासारखंच.

मग पाणी मागितलं. इथं खरी मजा. हात करून म्हणाला, "मेंढरं हौदाला लाव. तू वगळीला जा." मेंढरं हौदाला! मी वगळीला! अकरा जणी माझ्यादेखत गार पाणी प्यायल्या. मी ओढ्याच्या डबक्यावर वाकलो, तर मिशीचं डावं टोक भिजलं. तोंडाची उजवी बाजू त्याच्याकडे ठेवली म्हणून निभावलं.

एक गोष्ट. त्याची मोटार घुंऽऽ करत होती, उचलत नव्हती. गडी लाथा घालत होता. कॅपॅसिटर गेलाय हे मला बांधावरून ऐकू आलं. सांगावं की नको? नाही सांगितलं — धनगराला कॅपॅसिटर कसा कळेल, सोंग उघडं पडेल म्हणून. आता लिहिताना वाटतं, हे कुणी ठरवलं? मीच. उमाजी माझ्या दुकानात बसून बसून निम्मा मिस्त्री झालाय. जाऊ दे.

पऱ्हाटीचं बोलणं तसंच सोडून परत निघालो तर आखाड्यातून म्हातारी आली, दिनकररावाची आई, कस्तुराबाई. हातात दोन भाकरी, वर खाराचा आंबा. "खा रं बाबा, उन्हाचा हिंडायलास." माझ्या हातात दिल्या. वरून टाकल्या नाहीत, हातात दिल्या. भाकर गरम होती.

सगळं डबीत आलंय.

१७ जानेवारी, शुक्रवार

मेंढरं परत पोचवली. उमाजीला ऐटीत सांगितलं, "दोनदा पंगतीला मांडीला मांडी लावून बसलेला माणूस, त्यानं ओळखलं नाही! अशी मिशी परभणीत कुणी करून दाखवावी."

उमाजी मेंढरांचे पाय तपासत होता. म्हणाला, "मिशी चांगलीच हाय, मिस्त्री. पन मिशी नस्ती तरी वळखलं नस्तं. धनगराच्या तोंडाकडं कोन बगतंय?"

मिशी पेटीत ठेवली. जरा रागच आला. कष्टाची कदर म्हणून नाही.

१८ जानेवारी, शनिवार

गंगाखेडला नागसेनकडे. त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत बातम्यांचं चॅनल. माणूस हुशार, तोंडाचा तिखट. सगळं चित्रण न हसता बघितलं. हौदाच्या जागी थांबवलं, मागं घेतलं, परत बघितलं.

"कसं आहे?" मी.

"पाण्याचं म्हणता? ओळखीचं आहे."

मग म्हणाला, "महारुद्रभाऊ, तुम्ही नाव लपवून एक दिवस बघितलं. मी नाव सांगून जन्मभर बघतोय. माझ्याकडं कुणी डबी घेऊन आलं नाही."

"तू कधी बोलला नाहीस!"

"बोललो. तुम्ही त्या वक्ताला माझ्या चार्जरची पिन बघत होता."

हे शक्य आहे. ती पिन वाकडी होती.

त्याचं म्हणणं — तोंडं धूसर करू, गावाचं नाव काढू, मेंढरंसुद्धा लांबूनच दाखवू. मी साफ नाही म्हणालो. धूसर केलं की लोक म्हणतात बनवलेलं आहे. मला तर कोकराला उचलून घेतो तो भाग जवळून पाहिजे होता, लोकर सुंदर आलीय त्यात. फक्त माझं नाव नको, म्हटलं. सोंगाची गंमत जाते.

"म्हणजे सगळे दिसणार, तुम्ही सोडून," नागसेन म्हणाला.

"मी दिसतोच आहे की! मिशीत."

तो हसला, पण तसं हसणं मला आवडत नाही. शेवटी माझ्या मनासारखं झालं. म्हातारीच्या भाकरीचा भाग तेवढा काढला. व्हिडिओ लांबत होता.

२२ जानेवारी, बुधवार

काल टाकला. आज बाजारात ज्याच्या त्याच्या हातात हौद! चहाच्या हॉटेलात एक जण म्हणाला, "असली मानसं चौकात उभी करून विचारली पायजेत." मी शेजारीच बसून चहा पीत होतो. कुणाला पत्ता नाही. काय सुख असतं हे! राजाला वेष पालटून फिरावंसं का वाटत असेल, ते कळलं.

कमल म्हणाली, "चहाचे पैशे दिले का, राजे?" विसरलो होतो.

२६ जानेवारी, रविवार

नागसेननं शेवटी माझं नाव फोडलं. म्हणजे मीच दोघांना सांगितलं होतं, त्यांनी बाकीचं केलं. झेंडावंदनानंतर गंगाखेडच्या एका मंडळानं सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. म्हणजे गेल्या पंधरवड्यात माझ्या खांद्यावर आधी घोंगडी पडली आणि मग शाल. शाल टोचते. घोंगडी टोचत नव्हती.

वक्ते म्हणाले, "महारुद्ररावांनी एका समाजाचं दुःख स्वतःच्या अंगावर घेतलं!" टाळ्या. मी मान खाली घातली, अशा वेळी घालतात तशी. उमाजीला मीच बोलावलं होतं. तो मागं, चपला काढतात तिथं उकिडवा बसला होता. खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यानंही टाळ्या वाजवल्या. मी हातानं खुणावलं — वर बस. त्यानं हातानं खुणावलं — हाय की बरा.

पुण्याहून एका मोठ्या चॅनलवाल्याचा फोन. मालिका करू म्हणतो. प्रत्येक भागात मी नवीन कुणीतरी. "तुमच्याकडं अजून कोणकोणती सोंगं आहेत?" असं विचारलं. 'सोंगं' म्हणाला. विचार करून सांगतो, म्हटलं. पण रात्रीपर्यंत थांबलो नाही, दुसऱ्या मिशीची जाळी कातरूनही ठेवली.

२९ जानेवारी, बुधवार

कासाबाई दुकानात आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

"काल मोहळवाडीला मेंढरं घेऊन गेलो. बांधावरच अडीवलं. दिनकरराव म्हनले, कानाचा काप दिसला आमाला. तुझीच मेंढरं. तूच सोंग धाडलंस आमची इज्जत घ्यायला. आता ह्या शिवारात पाय ठिवायचा न्हाई. शेजारच्या दोन गावांनी बी तेच सांगितलं. म्हनले, कोन खरं, कोन डबीवालं, काय म्हाईत?"

मी म्हणालो, "अहो, पण त्यात उमाजीचा काय दोष? मी जाऊन सांगतो."

"सांगा. पन मला येक सांगा, मिस्त्री. तुमी येक दिस घोंगडं पांघरलं आन् काढून ठिवलं. आमी काढायचं म्हनलं तर कुठं काढून ठिवावं?"

 तिची कात्री तिथंच पडली होती, धार लावायला घेतली. ती कात्री न घेता गेली.

माणूस कुणी ओळखला नाही. मेंढरं ओळखली!

शिवरात्रीपर्यंतचा चारा तिथं होता. शंभर मेंढरांचा. पाणी होतं. रात्री वावरात मेंढरं बसवल्याची ज्वारी मिळायची. उमाजीचं वर्ष त्याच्यावर निघायचं.

३० जानेवारी, गुरुवार

मोहळवाडी. या वेळी मोटारसायकलवर, इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत ओठ. गाडी लावायच्या आत दिनकरराव खुर्चीतून उठला. "या या, महारुद्रराव! अरे, खुर्ची आण!" चिनी मातीच्या कपात चहा आला. बशीसकट.

मी सांगून टाकलं — तो मीच. माझं नाव त्याच्या कानावर आलं होतं, पण ते त्याला खरं वाटलं नव्हतं; आत्ताही विश्वास बसेना. खिशातून मिशी काढून ओठावर धरली. डोळे एवढे झाले. आणि मग — मला वाटलं आता पायताण काढतो — तर हसायलाच लागला! मांडीवर थाप मारून. "आयला! तुमी? काय कलाकार मानूस हो! आमची बेइज्जती केली तुमी, पन कारागिरी मानली!" गड्याला बोलावलं. "बघ रं, ह्यांच्या कमरेला हात घातलास तू! पाया पड!" गडी बिचारा वाकला. मला कुठं तोंड लपवावं कळेना. मिशी हातात होती, पण ती आता काय कामाची.

मी म्हणालो, उमाजीला येऊ द्या.

हसणं थांबलं. "त्ये वेगळं. तुमी आपले. तुमी चेष्टा केली, चालायचंच. पन त्यानं मेंढरं दिलीच की न्हाई? आमचं खाऊन आमालाच? आज सोंग धाडलं, उद्या काय धाडील?"

"त्याला मीच गळ घातली होती."

"न्हाई म्हनायचं त्यानं. तोंड हाय की त्याला."

तोंड! ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते.

निघताना म्हातारी दारात. तिच्यादेखत पोरगा बोलला. "आन् महारुद्रराव, आईनं भाकर दिली होती, ती कुठंय व्हिडिओत? तुमी तर बारकाव्याचे मानूस म्हनतेत."

"लांबत होता," मी म्हणालो.

त्याची मोटार अजून घुंऽऽ करत होती. कॅपॅसिटर बदलून दिला. का दिला, माहीत नाही. हात गेला.

घरी येऊन कमलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या माहेरी बहुरूपी यायचा. पोलीस होऊन घरात घुसायचा, बापाला दम द्यायचा, आमी रडायला लागायचो. पन जायच्या आधी टोपी काढून सांगायचा, मी बहुरूपी, बक्षिसी द्या. तोंडावर सांगायचा. आन् दुसऱ्याचं मेंढरू घेऊन न्हाई यायचा."

बाईला बहुरूपी आजच आठवायचा होता.

२ फेब्रुवारी, रविवार

उमाजीची मेंढरं माझ्या चार एकरात घातली. माझी पऱ्हाटी ती किती! शंभर तोंडं. आज संध्याकाळी नुसत्या काड्या उरल्या. सकाळी ते सडकेच्या कडेकडेनं निघाले. पुढं कुठं, असं विचारलं. उमाजीनं काठीनं पुढं दाखवलं. पुढं म्हणजे पुढं.

गावाला सांगून बघितलं, दहा जणांना. "मिस्त्री, तुमचं काम लय भारी. पन आमच्या वावरात नको. डबी बिबी असली तर?" जो तो छातीवरच्या खिशाला हात लावून बोलतो.

व्हिडिओ उडवून टाक, असं नागसेनला फोनवर सांगितलं. म्हणाला, "माझ्याकडचा उडवतो. बाकीच्या हजार जागचा कोण उडवणार? मिशीसारखा काढून ठेवता येत नाही तो."

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल सडकेच्या कडेला मुक्काम होता, तिथून पाच मेंढरं गेली. गाडीत घालून नेली, चाकाचे माग आहेत. त्यात एक गाभण. उमाजी ठाण्यात गेला. मग माझ्याकडे आला. त्यानं सांगितलं ते असं —

"हवालदार म्हनला, तू त्यो व्हिडिओवाला न्हवं? म्हनलं, न्हाई साहेब, मी खरा. म्हनला, खरा कशावरून? डबी काढ. चुन्याची डबी काढली, उघडली, चुना सांडला. मग जवळ आला, आन् माझी मिशी धरली. वडली. दोनदा वडली."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"निगंना. मग म्हनला, जा, आमाला कामं हायेत."

उमाजी हे सांगताना हसत होता. त्या दिवशी भाषण ऐकून हसला होता तसंच. पण या वेळी खोकला आला नाही. वरचा ओठ एका बाजूला सुजलेला.

मी उठलोच. "चल. मी येतो बरोबर. बघतो कसं लिहून घेत नाहीत."

"नको. तुमी आला की खुर्ची देतेत, चहा सांगतेत, आन् तुमाला इचारून लिवतेत. मेंढरं माझी हायेत, मिस्त्री. मी सांगितलेलं लिवाय पायजे."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुण्याचा फोन आला. उचलला नाही. परत आला. जाळीचे तुकडे आणि उरलेली लोकर चुलीत टाकली, वास लय घाण येतो. कमलनं खिडकी उघडली.

पहिली मिशी जाळवली नाही. काम चांगलं झालंय, त्याचा काय दोष.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दुकान उघडलं तर उमाजी पायरीवर. मिशी साफ भादरलेली. ओठावरची कातडी कोवळी, पांढरट, त्यावर वस्तऱ्याचे दोन काप. आधी मीच ओळखलं नाही.

म्हणाला, "मिस्त्री, मला तुमच्यासारकं करा. सदरा, चष्मा, खिशाला पेन. बोलायचं कसं ते बी शिकवा. येकडाव ठाण्यात खुर्चीवर बसून माझ्या मेंढरांचं सांगतो. फुकट नको." पटक्याची गाठ सोडून पैसे बाकड्यावर ठेवले.

सामान सगळं घरात होतं.

नाही म्हणालो. दुकान टाकल्यापासून परत पाठवलेली पहिली ऑर्डर — सातशे रुपयांची.